प्रत्येक कुत्र्याची पारख वेगळी

पिटबुल जातीच्या कुत्र्यांच्या रक्तातच माणसाविषयी राग असतो, असे म्हटले जाते; ते मला पटत नाही. एकोणिसाव्या शतकात बुलडॉग आणि टेरियर यांच्या संकरातून ही कुत्री झुंजींसाठी घडवली गेली, त्यामुळे इतर जनावरांवर धावून जाण्याची ओढ त्यांच्यात असू शकते आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. परंतु 2007 साली अमेरिकेत मायकेल विक या फुटबॉलपटूच्या झुंजीच्या अड्ड्यावरून सुमारे 50 पिटबुल ताब्यात घेतले गेले, तेव्हा सरसकट ठार न करता प्रत्येकाची स्वतंत्र पारख केली गेली. बहुतेक कुत्री वाचली आणि त्यांतली कित्येक घरांत रुळली.

आमच्या यवतमाळकडच्या गावी मोठ्या बाबांकडे सहा वर्षांपासून एक पिटबुल मादी आहे. मोठ्या आईला अर्धांगवायू झाल्यापासून ही कुत्री तिच्या खाटेजवळून सहसा हलत नाही. दुपारी मोठी आई ओसरीवर एका हाताने कवडी, म्हणजे किडक्या बोंडांतला डागाळलेला कापूस निवडत बसते. थरथरत्या बोटांतून बोंड निसटले की ही कुत्री ते ओठांच्या कडेने अलगद उचलून तिच्या मांडीवर ठेवते, आणि कापसाला दाताची खूणसुद्धा नसते. ज्या जबड्याची एवढी धास्ती घेतली जाते, तोच हा जबडा. मात्र धुऱ्याकडून, म्हणजे शेताच्या बांधाकडून, बकऱ्यांचा कळप येताना दिसला की मोठे बाबा तिला साखळी लावतात, आणि यात त्यांनी आजवर एकदाही हयगय केलेली नाही.