उत्तर ऑन्टारियो (कॅनडा): जूनमध्ये मुलांसह मासेमारी, अंदाज वाऱ्या-पावसाचा

प्रश्न: फ्लोटप्लेनने (पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने) दूरच्या तळ्यावर जातोय. मुलं ८ आणि ११ वर्षांची. १४ फुटी अ‍ॅल्युमिनियमची होडी मिळेल. वॉलाय, पाइक या माशांसाठी काय न्यावं?

प्रतिसाद १: गळाआधी लाइफ जॅकेट! पाणी जूनमध्येही फार गार असतं. पडल्यावर पहिलं मिनिट श्वास सावरण्यात जातं, हातपाय जेमतेम १० मिनिटं साथ देतात. जॅकेट सतत अंगात, बक्कल लावून. सुती कपडे नकोत. ओली लोकरही थोडी ऊब धरते.

प्रतिसाद २: वारा ज्या काठावर आदळतो तिथे वॉलाय खायला येतो. एरवी ७ ग्रॅमचा जिग (वजनदार डोक्याचा गळ) पुरतो, वाऱ्यात १० चा लावा. नाहीतर दोरीला बाक येतो आणि माशाने तोंड लावलेलं कळत नाही. पाइकला स्टीलचा लीडर (गळ आणि दोरी यांच्यामधला तारेचा तुकडा) हवाच, दातांनी दोरी तुटते.

प्रतिसाद ३: लाटा समोरून असतील तर नाळ (होडीचं पुढचं टोक) किंचित तिरकी धरा. मागून असतील तर वेग एकदम तोडू नका, लाट मागच्या फळीवरून आत येते. उघडं पाणी ओलांडूच नका, काठाने या. धुक्यात विमान येत नाही, तेव्हा दोन दिवसांचं जादा खाणं आणि औषधं ठेवा.

प्रश्नकर्ता: मुलांना परवाना?

प्रतिसाद ३: ऑन्टारियोत राहणाऱ्या १८ खालच्यांना लागत नाही. किती मासे ठेवायचे ती मर्यादा मात्र त्यांनाही आहे. तुमच्या मासेमारी झोनची (विभागाची) बघून घ्या.