नजर आधी कुठे जाते: ठळक गोष्टीकडे की अर्थपूर्ण गोष्टीकडे?

प्रश्न
एखाद्या खोलीचे छायाचित्र समोर आले की डोळे त्यावर सारखेपणाने फिरत नाहीत. काही जागी पुन्हा पुन्हा थांबतात, तर काही भागांकडे फिरकतही नाहीत. रंग किंवा उजेड जिथे आजूबाजूपेक्षा एकदम वेगळा असेल तिथे नजर आपोआप ओढली जाते, असे मी वाचत आलो आहे. काल मात्र खोलीत शिरल्यावर भिंतीवरच्या झगझगीत कवडशाआधी टेबलावरच्या उघड्या वहीकडे माझे लक्ष गेले. मग लक्ष कशामुळे वळते? (स्वतःच्या लक्षावर स्वतःच लक्ष ठेवणे कितपत भरवशाचे, हा प्रश्न निराळा.)

प्रतिसाद १
तुम्ही वाचलेले चूक नाही, अपुरे आहे. बारीक तपशील दृष्टिपटलाच्या मधल्या, जेमतेम दोन अंशांच्या भागातच दिसत असल्याने डोळ्यांना सेकंदाला साधारण तीन वेळा जागा बदलावी लागते. पुढची जागा कशी ठरते, यासाठी इटी, कॉख आणि नीबर यांनी १९९८ मध्ये एक संगणकीय प्रारूप मांडले; त्यात रंग, तेजस्विता आणि रेषांची दिशा शेजारच्या भागापेक्षा किती वेगळी आहे हे मोजून ठळकपणाचा नकाशा तयार होतो. वस्तू कोणती आहे हे ओळखण्याची गरजच त्याला पडत नाही. हिरव्या ठिपक्यांतला एकुलता लाल ठिपका यातून चटकन सापडतो, पण वही आणि कवडसा यांतला फरक त्याला कळणार नाही.

प्रतिसाद २
खरी अडचण अशी की अर्थपूर्ण वस्तू बहुधा ठळकही असतात, त्यामुळे श्रेय कुणाला द्यायचे हे नुसत्या निरीक्षणातून सुटत नाही. हेंडरसन आणि हेज यांनी २०१७ मध्ये यावर चांगली युक्ती काढली. छायाचित्रांचे लहान गोल तुकडे, मूळ दृश्य न दाखवता, लोकांसमोर ठेवून प्रत्येक तुकडा किती अर्थपूर्ण वाटतो याचे गुण घेतले आणि त्यांतून अर्थाचा नकाशा तयार केला. दोन्ही नकाशांचा सामाईक भाग वगळला, तेव्हा नजर कुठे थांबली हे सांगण्यात अर्थाचा वाटा मोठा राहिला आणि ठळकपणाचा अगदी थोडा. हे पहिल्या काही दृष्टिक्षेपांतही दिसले, म्हणजे तुमचा अनुभव अपवाद नव्हे.

प्रतिसाद ३
निष्कर्ष मान्य, मापनाबद्दल मात्र शंका आहे. स्वयंपाकघरात एखादी भलतीच वस्तू ठेवली तर नजर तिच्यावर अधिक रेंगाळते, परंतु तुकडा संदर्भाविना पाहणाऱ्याला ती वस्तू तिथे विसंगत आहे हे समजणार कसे? २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेमके हेच दाखवले गेले, आणि नजर कुठे थांबेल हे सांगण्यात नजरेच्या नोंदींवर शिकवलेले संगणकीय चेताजाळे (न्यूरल नेटवर्क) अर्थाच्या नकाशापेक्षा सरस ठरले. शिवाय हेतूचे काय? डोळ्यांच्या हालचालींचे अभ्यासक यार्बुस यांनी चित्रकार इल्या रेपिन यांचे एकच चित्र निरनिराळे प्रश्न विचारून दाखवले होते. वय विचारले तेव्हा नजर चेहऱ्यांवर फिरली आणि सांपत्तिक स्थिती विचारली तेव्हा कपडे व सामानाकडे वळली. खोलीत शिरताना तुमच्या मनात काय होते, हे तुम्ही सांगितलेले नाही.

प्रश्नकर्ता
खरे आहे, आणि ते सांगायला थोडा संकोच वाटतो: मी एक हरवलेला कागद शोधत होतो.