मदत हवी आहे: बाबांची बशी कलंडली, वीस मिनिटांत सगळं ठीक. हा स्ट्रोक म्हणायचा का?

माहेरवाशीण_लालबाग (शनिवार, दुपारी २.४०)

नमस्कार मंडळी. दोन दिवस माहेरी आलेय. घाईत लिहितेय, सांभाळून घ्या.

आज सकाळी सातच्या सुमारास बाबा (वय ६७) नेहमीसारखे गॅलरीत पेपर घेऊन बसले होते. बशीत चहा ओतला आणि उजव्या हातातली बशी हळूहळू कलंडत गेली, सगळा चहा पेपरवर. त्यांचं तिकडे लक्षच नाही. मग फडकं मागायला गेले तर तोंडातून "फ... फ..." एवढंच. ओठाचा उजवा कोपरा जरा लोंबलेला. वीसेक मिनिटांत बोलायला लागले, हात चालायला लागला, दोन पोळ्या खाल्ल्या आणि पेपर भिजला म्हणून मलाच ओरडले.

आई म्हणते, अंगावरून वारं जाणार होतं, देवाने परतवलं. खालच्या केमिस्टने गॅसची गोळी दिली. बाबांच्या मते झोप नीट झाली नाही, बाकी काही नाही.

बीपी नऊ वर्षांपासून, शुगर सहा. गणपतीपासून बीपीची गोळी त्यांनी परस्पर बंद केलीय, हे आम्हाला आज कळलं. का, तर मशीनवर १२८/८२ आलं. "बरं झालंय, आता कशाला?" आत्ता मोजलं तर १७८/१०४, पाच मिनिटांनी १७२/१००. ग्लुकोमीटरवर शुगर २१४. मागच्या महिन्यात उपाशीपोटी ११८ आली होती म्हणून स्वारी निर्धास्त. (तपासणीआधी दोन दिवस भात आणि गोड बंद असतं, दहावीच्या परीक्षेसारखं.) पण त्याच रिपोर्टात एचबीएवनसी ८.९ आहे. हे दोन आकडे जुळत का नाहीत?

नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना सोमवारी उघडेल. तोवर थांबू का? बीपीची गोळी आज दुप्पट देऊ का? शेजारचे काका ॲस्पिरीन द्या म्हणतायत.

जुनी_सिस्टर (२.५२)

ताई, सोमवार विसरा. आत्ता निघा, बाकीचं टॅक्सीत वाचा. लालबागहून परळचं केईएम जवळ आहे. आपत्कालीन विभागात जा, ओपीडीत नाही.

बरं वाटलं म्हणून काही झालं नव्हतं असं होत नाही. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते आणि कधी आपसूक विरघळते, त्याला डॉक्टर टीआयए म्हणतात. त्यानंतर मोठा झटका येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतो. उजवा हात आणि वाचा एकदम जाणं म्हणजे बहुधा मेंदूच्या डाव्या बाजूची भानगड, गॅसने ओठ वाकडा होत नाही.

ॲस्पिरीन घरी देऊ नका. झटका गुठळीने येतो तसा रक्तवाहिनी फुटूनही येतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, फरक कळतो तो स्कॅनमध्ये. फुटलेली असेल तर ॲस्पिरीनने रक्त आणखी वाहील. गोळी दुप्पटही नको. बीपी धाडकन उतरवलं तर जिथे आधीच रक्त कमी पोचतंय तिथे आणखी कमी पडतं. शुगर मोजलीत ते बरं केलंत, ती फार उतरली तरी माणूस असाच बोबडा बोलतो.

वाटेत पुन्हा तसं झालं तर घड्याळ बघून ठेवा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ती वेळ मोजतात माणूस शेवटचा ठणठणीत दिसला तिथपासून.

हिशेबनीस (३.०५)

सिस्टरना अनुमोदन. आकड्यांचं मी सांगतो, स्वतः अकरा वर्षं शुगरवाला आहे. उपाशीपोटीची शुगर म्हणजे त्या एका सकाळची हजेरी. एचबीएवनसी म्हणजे दोन-तीन महिन्यांचं मस्टर. साखर रक्तातल्या तांबड्या पेशींना चिकटते, त्या पेशी जगतात सुमारे १२० दिवस, त्यामुळे दोन दिवसांचा उपास तिथे चालत नाही. ६.५ पासून पुढे मधुमेह धरतात.

आणि ते १२८? ते गोळीमुळे होतं हो! गोळी चालू आहे म्हणून आकडा बरा, आकडा बरा म्हणून गोळी बंद. आमच्या सोसायटीत निम्मे लोक हेच करतात.

माहेरवाशीण_लालबाग (३.२०)

बाबा उठायला तयार नाहीत. "धडधाकट माणसाला हॉस्पिटलात नेऊन आजारी पाडाल" म्हणतायत. आई रडतेय.

माहेरवाशीण_लालबाग (पुढचा शनिवार)

उशिरा लिहितेय, माफ करा. बाबा घरी आलेत.

त्या दिवशी माझ्या समजावण्याने काही झालं नाही, दुधाच्या वहीने झालं. दूधवाला सव्वासहाला येतो आणि नोंद बाबाच करतात, मोत्यासारखं अक्षर. मी सहज वही उघडली. शनिवारची "१ लि." ओळीवर सुरू होऊन खालच्या रविवारच्या घरात उतरली होती. वही त्यांच्या हातात दिली. खिडकीशी नेऊन बघितली, चष्मा पुसला, परत बघितली. "हे मी लिहिलं?" मग न बोलता चपला घातल्या.

म्हणजे वीस मिनिटं नव्हतीच, तास तरी झाला होता. शेवटचे ठीक कधी होते हे तिथल्या डॉक्टरांनी तीनदा विचारलं. आईला आठवलं, साडेपाचला नळाचं पाणी आलं तेव्हा पिंप कोणी भरायचं यावरून दोघांचं वाजलं होतं आणि बाबा अगदी स्पष्ट भांडत होते.

सीटीत रक्तस्राव नाही, पण एमआरआयत डाव्या बाजूला बारीकसा डाग. म्हणजे नुसता इशारा नव्हता, छोटा झटकाच. मानेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी झाली. ठोके अनियमित असतील तर हृदयातही गुठळ्या होतात म्हणून ईसीजीवरही लक्ष ठेवलं. रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या २१ दिवस, पुढे एकच. कोलेस्टेरॉलची एक. बीपीची गोळी डॉक्टरांनी लगेच नाही, बेताबेताने चालू केली, शुगरचीही बदलली. जेवणात वरून मीठ नाही, लोणचं-पापड बंद. यावर आईचा विश्वास बसलेला नाही. "सैंधव चालतं ना?" असं ती डॉक्टरांनाच विचारून आली. मीठ ते मीठच, असं उत्तर मिळालं.

बीपी आता आम्ही रोज एकाच वेळी मोजतो. आधी पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पट्टा शर्टावर नाही. दोनदा मोजून लिहायचं. पूर्वी बाबा तीन मजले चढून आल्या आल्या मोजायचे आणि तोच आकडा सगळ्यांना सांगायचे.

आता एकच विचारायचंय. अ‍ॅम्लोडिपिन (बीपीची गोळी) चालू झाल्यापासून संध्याकाळी घोट्यांपाशी सूज दिसते, मोज्याचा वळ उठतो. बाबांनी लगेच "बघ, गोळीच बाधली" सुरू केलंय. मंगळवारी फॉलोअपला जातोय, तोवर गोळी बंद करायची नाही हे मी बजावलंय. कोणाच्या घरी असं झालं होतं का, आणि डॉक्टरांनी गोळी बदलली की डोस?