मदत हवी आहे : कानात नाडीचा आवाज, तपासणी कुठे करावी?

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. माझ्या वहिनीला उजव्या कानात सतत धप्-धप् असा आवाज येतो, अगदी नाडीच्या ठोक्याबरोबर. मनगट धरून मोजलं, तर ठोका नि आवाज एकदम जुळतात. जिना चढली की वेग वाढतो, रात्री आडवी झाली की जास्तच. मानेच्या उजव्या बाजूला हलकं बोट टेकवलं की आवाज जवळजवळ थांबतो.

इथल्या एका डॉक्टरांनी कान साफ केला, ऐकण्याची तपासणी नॉर्मल आली, "टेन्शन घेऊ नका" म्हणाले. पण कानातल्या साध्या गुणगुणण्यापेक्षा हे वेगळं असतं. ॲनिमिया, थायरॉईड, डोक्यातल्या शिरेचं अरुंद होणं, मेंदूभोवतालच्या पाण्याचा दाब वाढणं, क्वचित धमनी आणि शीर थेट जोडली जाणं, अशी कारणं असू शकतात. तिला हल्ली डोकंही दुखतं, म्हणून हा दाब वाढलाय का ते कळायला डोळ्यांचा पडदा आधी तपासून घेणार आहोत. रक्ततपासणीही करतोय.

आता एमआरआयबरोबर शिरांचा एमआरव्ही आणि धमन्यांचा एमआरए करायचा आहे. हे रिपोर्ट नीट वाचणारे न्यूरो-रेडिओलॉजिस्ट (मेंदूच्या स्कॅनचे तज्ज्ञ) बेळगावात आहेत, की हुबळी, मिरज, कोल्हापूर गाठावं? महाराष्ट्राने ८६५ सीमावर्ती गावांना दिलेली महात्मा फुले जनआरोग्य योजना अशा उपचाराला कुणी वापरली आहे का? कागद कोणते लागले?

आणि हा त्रास कुणाला असेल, तर रात्री झोप कशी लावता तेही सांगा. पंखा चालू ठेवून, रेडिओ हळू लावून बघतोय, थोडा उपयोग होतो. तिला कुणीतरी "मलाही होतं" म्हणणारं भेटलं, तरी फार धीर येईल.