विषय: गणपतीच्या कार्यक्रमात बडग्या

नमस्कार मंडळी,
यंदा गणपतीला बाहेरून कलाकार बोलवायचे की आपणच काही करायचं, हे बैठकीत ठरलं नाही. वहिनी, तुम्ही सध्या नागपूरला आहात. एखाद्या त्रासाचा पुतळा बनवून शेवटी तो जाळायचा, ही बडग्याची कल्पना तुमचीच. जरा सविस्तर लिहाल?
– सांस्कृतिक समिती

दादा,
आत्ताच इतवारीतून घरी आले, कान अजून दणाणताहेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते हे सगळ्यांना ठाऊक आहे. बाईच्या रूपातल्या दोन मोठ्या पुतळ्यांची ही मिरवणूक, काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून, आणि सोबत बडगे. नेहरू पुतळ्यापाशी दोघी समोरासमोर आल्या की "इडा पीडा घेऊन जा गे मारबत!" म्हणताना कोण कुठला, हे कुणी बघत नाही.

पण मला सांगायचंय ते मिरवणुकीच्या आधीचं. आमच्या गल्लीतल्या पोट्ट्यांनी आठवडाभर ओट्यावर बडग्या बांधला. बांबूच्या कमच्या, सुतळी, रद्दी आणि गंजात, म्हणजे पातेल्यात, शिजवलेली मैद्याची खळ. विषय, गल्लीतले खड्डे. समोरच्या काकूंनी जुनं लुगडं फाडून त्याला धोतर नेसवलं. गाडी लावण्यावरून वर्षभर आमच्याशी न बोलणारे शेजारी तिसऱ्या दिवशी रंगाचा डबा घेऊन खाली आले आणि मिशा त्यांनीच काढल्या. बोलणं तिथूनच सुरू झालं, तेही "मिशी जरा वर घे"पासून.

आपल्याकडे आपण खुर्च्या मांडतो, टाळ्या वाजवतो, जेवतो आणि घरी जातो. दहा वर्षं एका रांगेत बसणाऱ्यांची नावं मला माहीत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. पाहुणे कलाकार आणूच, पण आधी सगळ्यांनी मिळून एक बडग्या करू. विषय मुलांना निवडू द्या. त्यांना काय छळतं तेही कळेल.
– वहिनी

वहिनी,
पटलं. दोन अडचणी आहेत: बांबू मिळणार नाही आणि हॉलमध्ये जाळायची परवानगी नाही.
– सांस्कृतिक समिती

दादा,
बागेत वेलींना लावतात त्या काठ्या आणि पुठ्ठा चालेल. जाळू नका. प्रत्येकाने आपली पीडा चिठ्ठीवर लिहून त्याच्या पोटात टाकायची, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून तो फाडायचा. मी पुढच्या शुक्रवारी पोचते. शनिवारी आमच्या गॅरेजमध्ये या, रद्दी आणा. खळ मी शिजवते.
– वहिनी