नवख्या आशियाई संघांची आइस हॉकी स्पर्धा: भारताने तिच्यावर खर्च करावा का?

हिमकण (धागाकर्ता)
जपान, कोरिया, कझाकस्तान यांच्यासारख्या बलाढ्य संघांशी ज्यांची गाठच घालता येत नाही, अशा आशियाई देशांना आपापसांत खेळता यावे म्हणून आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने २००८ मध्ये 'चॅलेंज कप ऑफ आशिया' सुरू केला. भारताचा पुरुष संघ त्यात २००९ मध्ये अबू धाबीला उतरला, तर महिला संघ २०१६ मध्ये तैपेईला. २०२५ मध्ये अल ऐन येथील, अशाच संघांच्या महिला आशिया कपमध्ये आपल्याला कांस्यपदक मिळाले आणि 'दुबळ्यांच्या स्पर्धेतले पदक ते काय' असा सूर ऐकू येऊ लागला.

मला तो मान्य नाही. तैपेईत आपल्या मुली सगळे सामने हरल्या. पुढच्याच वर्षी बँकॉकला त्यांनी फिलिपिन्सला ४-३ असे हरवले. दहा गोलांनी हरणारा संघ फक्त पक (खेळाची रबरी चकती) आपल्या भागातून कसाबसा बाहेर काढायला शिकतो. एका गोलाचा फरक असेल तेव्हाच शेवटच्या दोन मिनिटांत कोणाला बर्फावर ठेवायचे, गोलरक्षकाला बाहेर बोलावून सहावा खेळाडू कधी उतरवायचा, हे प्रश्न खरोखर समोर येतात. बरोबरीचा प्रतिस्पर्धी देशात मिळत नसेल, तर तो बाहेर जाऊन शोधलाच पाहिजे.

द्रास ते दादर
भारत १९८९ पासून महासंघाचा सदस्य आहे. इतक्या वर्षांत आपण घरी काय उभारले? २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी डेहराडूनला पूर्ण आकाराचे बंदिस्त रिंक (बर्फाचे मैदान) बांधले, २०१२ मध्ये याच चॅलेंज कपचे यजमानपदही मिरवले, आणि मग देखभालीचा खर्च झेपेना म्हणून ते कित्येक वर्षे कुलूपबंद राहिले. ते पुन्हा सुरू व्हायला २०२५ उजाडले. थायलंड आणि संयुक्त अरब अमिरात याच स्पर्धेतून पुढे जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या खालच्या गटांत गेले, कारण त्यांच्याकडे बर्फ बारा महिने असतो. आपल्याकडे मात्र पदकाचे फोटो आले की रिंकचा विषय आपोआप मागे पडतो. माझा राग खेळाडूंवर नाही, या सोयीवर आहे.

चांगथांगी
आपला राग रास्त आहे, निष्कर्ष मात्र उलटा आहे. हिवाळ्यात लेहमध्ये थोडे दिवस राहिलो असल्यामुळे सांगतो. रात्री पाणी सोडून गोठवलेल्या मैदानावर सकाळी सराव चालतो आणि ऊन चढले की वरचा थर मऊ पडतो. कडेच्या फळ्या गुडघ्याच्या आसपास. पक त्यांवरून उडाला की खेळ थांबतो. पूर्ण रिंकला उंच कठडा असतो, तिथे पक त्यावर आपटून परत येतो, आणि त्या उसळीचा अंदाज घेऊन पास देणे हा निम्मा खेळ आहे. लडाखी मुलामुलींचे स्केटिंग उत्तम असते, दमही विलक्षण असतो, पण ही उसळी त्यांना या स्पर्धांतच भेटते. तीही बंद केली तर रिंक होईपर्यंत एक पिढी वाया जाईल.

द्रास ते दादर
म्हणजे कठड्याची ओळख थेट सामन्याच्या दिवशी व्हावी, असे आपण म्हणता आहात! सरावाची जागा सामना कशी घेईल? आठवडाभराच्या स्पर्धेला लागणारे विमानभाडे, व्हिसा, निवास हाच पैसा एखाद्या परदेशी रिंकवरच्या दीर्घ शिबिराला द्यावा आणि स्पर्धेला एक वर्षाआड जावे, इतकेच माझे म्हणणे आहे.

पुणेरी चाके
थोडे अवांतर, पण संबंधित. पुण्या-मुंबईत चाकांच्या स्केटवर तरबेज असलेली मुले पुष्कळ आहेत. बर्फावर त्यांचा वेग लवकर जमतो, थांबणे मात्र नव्याने शिकावे लागते. संघ जवळजवळ पूर्णपणे लडाखवर उभा आहे. डेहराडूनचे रिंक खरोखरच वर्षभर चालले, तर निवडीचे क्षेत्र वाढेल. तेवढ्यापुरता मी 'द्रास ते दादर' यांच्या बाजूने आहे.

हिमकण
शिबिराला माझी हरकत नाही, वर्षाआडला आहे. महिला संघाला पहिला विजय पदार्पणानंतर एका वर्षात मिळाला. मधले वर्ष गाळले असते तर तैपेईत उतरलेल्यांपैकी किती जणी टिकल्या असत्या, याची मला शंका आहे. शिवाय स्पर्धेसाठी मंजूर झालेला पैसा, स्पर्धा रद्द केल्यावर शिबिराकडे वळेल, हे आपण कोणत्या अनुभवावर गृहीत धरता?

द्रास ते दादर
अनुभवावर नाही, हे खरे. तरीही मागणी तीच करायला हवी, आणि डेहराडूनच्या वीजबिलाची तरतूद तिच्यात पहिल्या क्रमांकावर हवी.