प्रूसिकला सुरगाठ म्हणावं का?

देवराई
दोर लावून झाडावर चढायला नव्याने शिकणाऱ्यांसाठी पुस्तिका मराठीत करतेय. अडलंय ते प्रूसिक नावाच्या गाठीपाशी. मुख्य दोर १२ मिमीचा असेल तर ८ मिमीच्या दोरीचं कडं त्याला तीनदा गुंडाळायचं. वजन नसताना ते हाताने वर सरकतं, वजन पडलं की आवळून बसतं. मी 'सुरगाठ' लिहिलं, तपासणाऱ्यांनी खोडून 'निरगाठ' केलं. बरोबर काय?

कातळकडा
दोन्ही नको. सुरगाठ टोक ओढलं की सुटते. नवख्याने तेवढंच वाचून नाडीसारखी गाठ मारली तर सरळ खाली येईल. आणि निरगाठ एकदा बसली की नखं तुटतात, प्रूसिक तर भार काढला की सैल होते. कार्ल प्रूसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाचं नाव आहे ते. सह्याद्रीत दोर लावणारे सगळे प्रूसिकच म्हणतात. राहू द्या तसंच.

माडबन
आमच्या आजीच्या तोंडी सुरगाठ म्हणजे सरकती गाठ, कळशीच्या गळ्यात आवळते ती. 'सुर' हे 'सर'च असणार, सरकणे मधलं. देवराईताईंचं बरोबर आहे.

शब्दवेल्हाळ
ही व्युत्पत्ती ओढूनताणून वाटते. तसं तर 'निर्' म्हणजे 'शिवाय' धरून निरगाठ म्हणजे गाठच नाही, असंही म्हणता येईल! कळशीच्या गळ्यातला तो फास. आणि कातळकडा, परक्या माणसाचं नाव चालतं, मग 'पकडगाठ' का चालू नये? ऐकताक्षणी काम कळतं.

कातळकडा
वर चढलेल्याला खालून हाक मारताना अख्ख्या गटाला एकच शब्द कळला पाहिजे. 'पकडगाठ' आज कोण ओळखतं?

देवराई
पण मला एकट्या प्रूसिकचं नाव नकोय, त्या सगळ्या कुळाचं हवंय. ब्लेकची गाठही त्यातलीच. तिला वेगळं कडं लागत नाही, चढणाऱ्याच्याच दोराच्या शेपटाने बांधतात, आणि शेपटाला शेवटी अडगाठ मारावीच लागते, नाहीतर शेपूट निसटतं. 'पकडगाठ' तिथे बसेल.

गोठेकर
अडगाठ आमच्याकडे वेगळी, पोत्याच्या तोंडाची. सुरगाठीचं मात्र कातळकडांचं खरं. दावं खुंट्याला सुरगाठीनेच बांधायचं, असा वडिलांचा दंडक होता. गोठ्यात आग लागली, जनावर अडकून पडलं, तर एका हिसक्यात सुटलं पाहिजे. निरगाठ दिसली की आम्हाला बोलणी बसायची. दावंही घायपाताचं, घरी वळलेलं.

माडबन
घायपाताचं दावं मानेला काचत नाही? आमच्याकडे सुंभाचं असतं.

गोठेकर
मानेला अंबाडीचं, मऊ. घायपात फक्त खुंट्याकडच्या भागाला. सुंभ पावसात टिकतं, पण जनावराची कातडी सोलवटून काढतं.

शब्दवेल्हाळ
मानेभोवतीच्या त्या वेगळ्या भागाला तुमच्याकडे काय म्हणतात? सगळंच दावं का?